पाठीमागची सरकती काच

काष्टीला मास्तर होतो तेव्हा एकदा नगरला येताना एका पिकअपवाल्यानं मला पुढं शेजारी बसवून घेतलं. आमच्या पाठीमागचा पत्रा कापून त्यानं सरकती काच बसवली होती. दर मैलाला तो ती सरकवायचा, मान वळवून मागं बघायचा, परत लावायचा. तेवढ्यात फुफाटा आत यायचा आणि गाडी रस्ता सोडायची. माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी मी वैतागलो. "अहो, मागं नुसती रिकामी पोती आहेत. ही खिडकी हवीच कशाला?"

त्यानं काच लावून घेतली.

"पैली नव्हती, मास्तर. खर्ड्याची एक अडलेली बाई दवाखान्यात न्येत हुतो. तिची सासू मागनं पत्रा बडवीत हुती, गाडी थांबव म्हनून. मला वाटलं, फाळका वाजतोय. म्या गाडी आनखी जोरात सोडली. दवाखान्यापाशी मागला फाळका उघडला, तवा उशीर झाला हुता."

समोर वळण होतं. त्याचा हात पुन्हा काचेकडं गेला.

"तुम्ही रस्ता बघा," मी म्हणालो आणि काच मीच सरकवली. "पोतीच आहेत."

नगर येईपर्यंत मी हे त्याला आठ-दहा वेळा तरी सांगितलं. दरवेळी आधी मागं बघून.