आम्ही कधी न पाहिलेली जागा

माझ्या गॅरेजच्या मागं एक कोपरा आहे. जुन्या क्लचप्लेटा, फुटके रेडिएटर, कोणाचे तरी बंपर तिथं साचत गेलेत. विकायला काढलं तर भंगारवाला भाव देत नाही आणि फेकायला हात धजत नाही. पलटणीचे किस्से तसेच साचतात भाऊ. बायको म्हणते, "तेच ते कितीदा सांगून राह्यले?" आता दुसरं आहे काय माझ्याजवळ?

आम्ही तिघं. मी रफीक, दिग्रसला गॅरेज. फौजेत रॉकेटच्या रेजिमेंटमध्ये गाडी चालवायचो. दुसरा नामदेव राठोड, फुलसावंगीचा. तो नेम लावायचा आणि बटन दाबायचा. तिसरा नेरचा वानखडे. तो गाडीजवळ कधी नसायचाच. मागं तंबूत नकाशा पसरून कोणत्या दिशेला, किती दूर मारायचं याचा हिशेब करायचा. बाजाराच्या दिवशी दोघंही एसटीनं येतात, माझ्या बाकड्यावर बसतात आणि माझ्या गिऱ्हाइकांचं डोकं खातात.

आमची गाडी म्हणजे मोठा ट्रक, पाठीवर नळ्यांचा गठ्ठा. बटन दाबलं की रॉकेटं एकामागं एक सुटायची, पाहता पाहता सगळ्या नळ्या रिकाम्या. धूळ आणि धूर असा उठायचा की आम्ही कुठं आहोत हे दुश्मनाला सांगावंच लागायचं नाही. म्हणून नळ्या रिकाम्या झाल्या की पळायचं. मागं वळून पाहायचं नाही. पाहून तरी काय दिसणार होतं? माल पडायचा डोंगराच्या पलीकडं, कोसांवर. रायफलवाला ज्याला मारतो त्याचं तोंड तरी पाहतो. आम्ही नोकरीभर मारत राहिलो आणि काहीच पाहिलं नाही.

*

त्या आवाजानं नामदेवचा डावा कान गेला, माझा उजवा. आमच्या साध्या गप्पाही अख्ख्या गल्लीला ऐकू जातात.

एकदा ठाण्यातून एक नवा शिपाई आला. समोरच्या कापडवाल्यानं फोन केला होता की गॅरेजात भांडण पेटलंय. शिपायानं काठी आपटून विचारलं, "काय चाललंय इथं?"

वानखडे म्हणाला, "काही नाही साहेब. हे दोघं एकमेकाले तब्येत विचारून राह्यले."

*

नामदेवच्या पोरीचं लग्न होतं, फुलसावंगीलाच. आम्ही तिघं मंडपाबाहेर माझ्या जीपजवळ उभे होतो. जीप मी रस्त्याकडं तोंड करूनच लावतो, ती खोड जात नाही. नवरदेवाच्या दोस्तांनी आकाशात उडणाऱ्या फटाक्यांचा मोठा डबा आणला होता, एका वातीवर लागोपाठ सुटणारा. शेवटचा बार सुटला, धूर मंडपावर आला आणि नामदेव ओरडला, "चल!"

मी स्टिअरिंगवर कधी बसलो मला आठवत नाही. महागावच्या रस्त्याला लागून बरंच दूर गेल्यावर वानखडेनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्याच्या हातात बुंदीचा द्रोण होता.

"आपण कुठं चाललो बे?" त्यानं विचारलं.

रस्त्याच्या कडेला जीप लावून आम्ही आधी खूप हसलो. मग नामदेव हसता हसता थरथरायला लागला आणि ते थांबेचना. त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. सावरून परत गेलो तोवर पोरीची पाठवणी होऊन गेली होती. तिला बापाची गळाभेट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. "बाबा, आता घाबरू नका. फटाके संपले."

*

नामदेव असा काहून झाला, ते सांगतो.

डोंगरातली लढाई होती. आम्ही एका वळणावर, पुलाच्या अलीकडं, गाडी लावली. वानखडेनं आकडे पाठवले, नामदेवनं बटन दाबलं, मी गाडी पळवली. खाली छावणीत आलो तर वायरलेसवर शाबासकी आली होती, "टार्गेट साफ." आम्ही नाचलो. खोटं कशाला बोलू, मीही नाचलो.

संध्याकाळी आमचं सामान वाहणारा हमाल आला. तिथलाच म्हातारा, सरहद्दीची रेषा मधे आल्यानं ज्याचं अर्धं गणगोत पलीकडं राहिलं होतं. चहा घेत त्यानं सहज विचारलं, "साहब, आज उस पार कहाँ फेंका? नाले की तरफ मेरी बहन का घर है।"

नामदेवनं माझ्याकडं पाहिलं. मी वानखडेच्या तंबूकडं पाहिलं. म्हातारा उत्तराची वाट पाहत कपात फुंकर मारत राहिला. शेवटी नामदेव म्हणाला, "चाचा, हमको नहीं पता।"

ते खरं होतं. तेच त्याला आजपर्यंत झोपू देत नाही.

*

पुढं काही वर्षांनी नवी गाडी आली. जास्त दूर मारणारी, नेमाची जास्त पक्की. चाचणीसाठी आम्हाला वाळवंटात नेलं. बनवणारे शास्त्रज्ञ साहेब मोठे भले होते, उन्हात आमच्यासोबत उभे राहायचे, आमच्या ताटात जेवायचे. हातातला फळा दाखवून एका साहेबानं समजावलं की एका वेळेला सगळी रॉकेटं सोडली तर समोरचं एवढं एवढं मैदान पूर्ण कामातून जातं.

नामदेवनं हात वर केला. "साहेब, त्या मैदानात एखादं घर असलं तं?"

साहेबानं चष्मा पुसला. प्रश्नाचा त्यांना राग आला नाही. मायेनंच म्हणाले, "राठोड, एका घरासाठी हे बनवलंच नाही."

सगळे हसले. नामदेव त्या दिवशी जेवला नाही.

*

रिटायर झाल्यावर गावच्या शाळेनं नामदेवला सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायला बोलावलं. गळ्यात हार, छातीवर मेडलं. भाषण त्यानं चांगलं केलं. मग सातवीतल्या एका पोरीनं उठून विचारलं, "आजोबा, तुम्ही किती दुश्मन मारले?"

"मले माहीत नाही," नामदेव म्हणाला.

हेडमास्तरांनी माइक ओढला. "हे त्यांचं मोठेपण आहे, शेकडो मारले!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

तो हारासकट एसटीत बसला आणि थेट माझ्याकडं आला. योगायोगानं वानखडेही होता.

"हिशेब तू केलता," नामदेव त्याला म्हणाला. "दिशा तुले माहीत, अंतर तुले माहीत. तिथं कोण होतं ते सांग."

"मले आकडे माहीत होते गा. जागा नाही."

"मंग आकडे सांग."

"कायले? झालं ते झालं."

तेव्हापासून दर बाजाराला नामदेव हेच विचारायचा. वानखडे दर वेळी उठून पान खायला जायचा. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांचंही वाईट वाटायचं.

*

परवाचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

वानखडे आला तो छातीवर हात ठेवूनच. यवतमाळला डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय. बाकड्यावर बसला, पोरानं घेऊन दिलेला मोबाइल काढला आणि म्हणाला, "नामदेव, इकडं ये. माझ्यासोबत हे न्यायचं नाही मले."

मोबाइलवर आकाशातून काढलेला नकाशा असतो ना, तो त्यानं उघडला. आमचं वळण सापडलं. पूलही सापडला, आता सिमेंटचा झालाय. तिथून वानखडेनं बोट ठेवलं आणि दिशा धरून सरकवत नेलं. डोंगराचा माथा ओलांडला. आणखी पुढं. एवढ्या वर्षांनी त्याला दोन्ही आकडे तोंडपाठ होते. त्याच्या बोटाला घाम आला होता.

"हे पाह्य," तो म्हणाला. "इथं."

एक नाला होता. नाल्याच्या काठी घरं होती, पत्र्याची, चांगली पंचवीस-तीस. घरांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेती, हिरवीगार.

माझ्या जिवात जीव आला. मी नामदेवच्या चांगल्या कानाशी ओरडलो, "लोक राहून राह्यले लेका! घरं हायेत, पीक हाये. काही नाही झालं. रडतो कायले?"

नामदेवनं मोबाइल हातात घेतला. धोतराच्या सोग्यानं काच पुसली. रिटायर झाल्यापासून पऱ्हाटी, तूर, सोयाबीनच करतो तो, दुसऱ्याचं वावर तो नीट पाहतो. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. धुरे-बांध पाहिले, पाणी कुठून येतं ते पाहिलं. मग त्यानं मोबाइल वानखडेकडं परत दिला.

"सगळी वावरं पेरलेली हायेत," तो म्हणाला. "पाणी जवळ, जमीन चांगली. मंग तुहं बोट थांबलं बरोबर तिथलं, मधातलं एकच पडीत काहून ठेवलं असन?"