तिसरं भोक

डॉक्टरांबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याबद्दल माहीत तरी काय आहे? सहा वर्षांत ते आमच्या घरी चार वेळा आले असतील. दर वेळी तास-दीड तास. त्यातही बोलणं थोडंच, कारण मला चटकन बोलणं सुचत नाही आणि त्यांना काम करताना बोललेलं खपायचं नाही. ते कुठे राहायचे, कामाशिवाय वेळ कसा घालवायचे, काही ठाऊक नाही. ते गेल्याचंही मला महिन्याभराने कळलं, हार्डवेअरच्या दुकानदाराकडून, खिळ्यांची पुडी बांधता बांधता.

ते खरे डॉक्टर नव्हते. ते भिंतींना भोकं पाडायचे. पडद्याचा दांडा, आरसा, कपडे वाळत घालायची दोरी, मांडणी, जे टांगायचं असेल त्यासाठी त्यांना बोलवायचं. आमच्या सोसायटीच्या गेटवर कामवाल्या माणसांची यादी लावलेली आहे; त्यात प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या खाली त्यांचा नंबर होता. ‘डॉक्टर’ हे नाव पडलं त्यांच्या ठोकण्यामुळे. ड्रिल बाहेर काढायच्या आधी ते बोटाच्या पेराने भिंत ठोकत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि मधूनच कान लावून ऐकत. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं होतं, “काय डॉक्टर, मुलगा की मुलगी?” डॉक्टरांनी कान न काढता उत्तर दिलं, “अजून दिवस भरले नाहीत, वहिनी.”

त्यांची पद्धत ठरलेली होती. बटण असेल तिथून सरळ वर आणि सरळ खाली वीतभर रुंद पट्टा सोडायचा, कारण वायर सरळच नेलेली असते. नळाच्या बाबतीत तसंच. मग पेन्सिलीने खूण, खुणेवर चिकटपट्टी, म्हणजे ड्रिलचं बिट घसरत नाही. खाली एक पाकीट चिकटवायचे, भुकटी त्यात पडायची. डोळ्यांना चष्मा, पायात रबरी चपला, उभं राहायला लाकडी स्टूल. त्या खोलीची वीज बंद करायची आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून लांब वायर ओढायची. पहिलं अर्धं बोट खोल हळू जायचं आणि भुकटी बघायची. “लाल आली तर वीट,” ते एकदा मला म्हणाले, “करडी आली तर काँक्रीट. ओली आली तर पळा.”

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असायचा. घरात शिरल्यावर ते विचारत, “दिवसभर घरी कोण असतं?” आणि जो कोणी असेल, मग ती म्हातारी असो की मोलकरीण, तिच्यासमोर उभे राहून विचारत, “या भिंतीत मागाहून कोणी हात घातलाय का?” मालकाने ‘नाही’ म्हटलेलं त्यांना पुरत नसे. मालक कामावर असतो, त्याला भिंतीचं काय माहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा धीर करून विचारलं, एवढं कशाला? ते पाकीट चिकटवत होते. म्हणाले, “आमच्या दाजींनी नव्हतं विचारलं. तेव्हापासून ताई माझ्याकडे असते.” मी पाणी आणून दिलं.

आमच्या घरात दिवसभर मीच असतो. म्हणजे त्यांचा प्रश्न नेहमी माझ्याच वाट्याला यायचा. खरं सांगतो, मला ते आवडायचं. त्या घरात मला कोणी काही विचारावं असे प्रसंग फार येत नसत.

ते शेवटचे आले त्या दिवशी मुलाने मोठा टीव्ही आणला होता. तो हॉलच्या भिंतीवर टांगायचा होता. लोखंडी पट्टी आणि चार भोकं. सुट्टीचा दिवस, मुलगा-सून दोघं घरी. डॉक्टर आले, भिंत ठोकली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काका, या भिंतीत मागाहून कोणी हात घातलाय का?”

घातला होता. दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत एसी बसवला तेव्हा. आलेल्या माणसाने वायर छताखालून फिरवायची सोडून याच भिंतीत तिरकी खाच मारली, दहाएक फूट वायर वाचवली, वर गिलावा केला, रंग फासला. मुलगा ऑफिसात होता. धूळ मी झाडली होती. संध्याकाळी मी मुलाला सांगितलं होतं, वायर तिरकी गेलीय म्हणून. तो म्हणाला होता, दिसते का? नाही ना? मग झालं तर.

मी आठवून नीट सांगायच्या बेतात होतो. मला वेळ लागतो. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “बाबांना काय विचारता? त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. काही नाही भिंतीत, मारा तुम्ही.”

सून हसली. वाईट हसली असं नाही, नुसती हसली.

डॉक्टर हलले नाहीत. “काकांना विचारलंय,” ते म्हणाले.

आणि मी म्हणालो, “नाही.”

भीतीने नव्हे, विसरूनही नव्हे. मला राग आला होता. आठवत नाही ना मला, मग नाहीच आठवत. इतकाच तो विचार होता, लहान मुलाला शोभेल असा, आणि मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. शिवाय डॉक्टर हॉलची वीज बंद करणारच होते. एसीची वायर वेगळ्या बटणावर आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. आलं असेलही.

पहिली दोन भोकं लाल भुकटीची निघाली. तिसऱ्याला मोठा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, स्टूल कलंडलं आणि डॉक्टर उजव्या हातावर पडले. चपला रबरी होत्या म्हणून जीव वाचला. मनगट मात्र गेलं. जुनी इमारत, आमच्या घराबरोबर अख्ख्या जिन्याची वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सोसायटीच्या अध्यक्षांची आई. चाळीस मिनिटं ती आतून सगळ्यांचा उद्धार करत होती, आणि डॉक्टर आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून हात मांडीवर धरून म्हणत होते, “त्यांना आधी काढा, माझं बघू नंतर.”

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. तळमजल्यावरची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भिंत उघडल्यावर तिरकी वायर सगळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला होता की डॉक्टरांनी विचारलं होतं की नाही. विचारलं असेल तर चूक आमच्या घराची. नसेल तर त्यांची, आणि मग त्यांचं नाव यादीतून जाणार.

मुलगा म्हणाला, “आला, ठोकलं आणि मारायला लागला. विचारतोय कुठला!”

सून फोनमध्ये बघत होती.

डॉक्टरांचा हात प्लास्टरमध्ये गळ्याशी बांधलेला होता. ते भांडले नाहीत. म्हणाले, “मी विचारल्याशिवाय कधी भिंतीला हात लावलेला नाही. काकांना विचारा. काका खोटं बोलायचे नाहीत.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “बोला, आजोबा. विचारलं होतं त्यांनी?”

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याची गरजच नव्हती. मी त्याच्या घरात राहतो.

मी म्हणालो, “मला हल्ली नीट आठवत नाही.”

कोणीतरी खाकरलं. अध्यक्ष म्हणाले, “जाऊ द्या, त्यांचं वय झालंय.” डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते बघत होते, भिंत ठोकल्यावर बघायचे तसे, आत काय आहे याचा अंदाज घेत. मग उठले, डाव्या हाताने खुर्ची जागेवर सरकवली आणि गेले.

संध्याकाळी गेटवरच्या यादीत त्यांच्या नावावर पेनाने रेघ मारलेली होती. शेजारच्या दोन इमारतींनीही तसंच केलं. हे वॉचमनकडून कळलं, मी विचारलं नव्हतं. मनगट वाकडं जुळलं, ड्रिल पेलेना. आणि पेललं असतं तरी बोलवणार कोण होतं? घरी टीव्ही त्याच भिंतीवर लागला, हातभर बाजूला. तो लावायला आलेल्या पोराने कोणाला काही विचारलं नाही.

वर्षभराने ते मला हार्डवेअरच्या दुकानात दिसले. गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसून स्क्रू निवडत होते, डाव्या हाताने. मी दारातूनच परतलो. त्यानंतर पाच-सहा वेळा तरी मी त्या दुकानापर्यंत गेलो असेन. मनात वाक्य तयार असायचं: तुम्ही विचारलं होतं, मला आठवत होतं. एवढंच. कमिटीसमोर जाऊन म्हणायचं धैर्य नव्हतं, निदान त्यांना म्हणावं. दर वेळी दुकानात गिऱ्हाईक असायचं. नसलं की मला वाटायचं, थांबू, येईलच कोणीतरी.

शेवटी एके सकाळी शिरलो. दुकानदार चहाला गेला होता. दुकानात ते एकटेच. माझ्याकडे बघून त्यांनी स्क्रूंचा डबा बाजूला ठेवला.

“या काका. काय देऊ?”

वाक्य घशापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, “नळाचा वॉशर हवा होता. गळतोय.”

“अर्धा इंची की पाऊण?”

“ते नाही बघितलं.”

“मग जुना काढून घेऊन या,” ते म्हणाले. “मापाने देतो.”

“बरं,” मी म्हणालो. “आणतो.”