तळाच्या पट्टीला वाघूर

पुंजारामचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. चिकलठाण्याच्या पुढं टँकर भरायचं केंद्र होतं. पाचला पहिला टँकर लागे. २०१६चा उन्हाळा. शहर वाढलेलं, नव्या वसाहतींना नळ नव्हते. पाचोडकडच्या खेड्यांत विहिरी होत्या, त्यांत पाणी नव्हतं.

पुंजारामनं वीस वर्षं मेंढरं वळली, चार वर्षं पाइप ओढला. भरलेला पाइप, दिवसाला साठ वेळा. कंबर गेली तेव्हा ठेकेदार मोतीरामशेठ म्हणाले, "खुर्चीवर बस. कॉम्प्युटरवर टँकरचा नंबर टाक, 'पावती' दाब. आज जमलं तर खुर्ची तुझी. नाय तर उद्या परत पाइप."

नंबर टाकणं जमलं. घोळ खाली होता. 'पावती'चं बटण पडद्याच्या अगदी तळाला. माउसचा बाण तिथं नेला की तळातून एक काळी पट्टी सटकन वर येई आणि बटणावर बसे. बाण वर घेतला की पट्टी गायब. पुंजारामनं रागानं दाबलं ते पट्टीवरच्या एका चित्रावरच. कॅल्क्युलेटर उघडला. अर्ध्या तासात चौदा कॅल्क्युलेटर उघडले, पावती एक नाही. पावतीशिवाय टँकर फाटकाबाहेर जात नसे.

"पुंजारामदादा, पाणी आटायच्या आत सोडता का?" अंगद ड्रायव्हर ओरडला.

पुंजारामनं दिपालीला फोन लावला. आधी ती या खुर्चीवर होती.

"काका, ती पट्टी आपोआप लपते. कामाला जागा मोकळी राहावी म्हणून."

"मग नेमकी कामाच्या वक्ताला कशी उगवते?"

"तुम्ही काठाला टेकलात की तिला वाटतं, तुम्ही तिलाच बोलावताय."

"मी? मी तिला वळखत बी नाय!"

"बटणाच्या वरच्या कडेवर दाबा. काठाला टेकू नका."

सांगायला सोपं. पाइप ओढलेल्या हाताला केसभर अलीकडं थांबणं ठाऊक नव्हतं. पण मेंढरू एकाच बाजूला पळत असलं, तर त्याच्यामागं धावायचं नसतं. त्या बाजूला वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. पुंजाराम उठला, बाहेरून वीट आणली. बाण बटणाच्या वरच्या कडेवर ठेवला आणि माउसच्या अलीकडं वीट चिकटवून मांडली. आता माउस वर जाई, खाली विटेपर्यंतच येई. हात आडवा धरावा लागे, तेवढंच.

दाबलं. टर्र करत पावती निघाली.

संध्याकाळी शेठ आले. "ही वीट कशाला?"

"वाघूर हाय."

"कॉम्प्युटरला?"

"पळणारं जनावर हाय, शेठ."

शेठ हसले, वीट बाजूला केली, बाण खाली ओढला. कॅल्क्युलेटर उघडला. दुसरा उघडला. शेठनी स्वतःच्या हातानं वीट जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन सांगितलं, उद्या पाइपवर दुसरा माणूस घ्या.

खुर्ची तीन वर्षं टिकली. त्या पगारातून घरी बायकोला, सारजाबाईला, पाण्याची पाचशे लिटरची काळी टाकी आली. ती भिंतीला चिकटवून ठेवा म्हणत होती. पुंजारामनं चारी बाजूंनी हातभर जागा सोडली.

"एवढी जागा कशाला वो?"

"काठातून काय उगवलं तर?"

टाकीखाली आठ विटा लागल्या. सात विकत आणल्या. आठवी ऑफिसातली.