मागचे पाटे

आमच्या उसाच्या मुलखात गाडी मागून उंच करून घ्यायला माणसं येतात. खाली करून घ्यायला आलेली मी पहिलीच, असं मिस्त्री म्हणाला आणि हसला. मला कुठलं हसू येतंय? माझ्या पायाला नुसती भिंगरी लागली होती.

झालं होतं असं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने ते भवानीनगरच्या घरात खाट धरून होते. पुढं काठीनं चालायला लागले, पण पाय वीतभराच्या वर उचलेना. आमची गाडी म्हणजे सरकत्या दाराची जुनी व्हॅन. तिच्यात चढायचं तर पाय चांगलाच वर टाकावा लागतो. शेजाऱ्यांची कार होती, पण तसल्या बुटक्या सीटवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. स्टूल ठेवून बघितलं, ते डगमगलं, आबांनी ते काठीनं अंगणात उडवलं. दोघांनी उचलून आत ठेवलं की मिटलं, पण उचलू देतील ते आबा कसले! दवाखान्यातून आणताना उचलावंच लागलं होतं, तर त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"मी काय उसाची मोळी हाय का, उचलून टाकायला?"

तिकडं पळसदेवला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, माणसं विसरत चालली होती. सकाळी ठीक असायची, दुपार झाली की पोटच्या पोरालाही "कोण रं तू?" म्हणायची. आतेभावाचा रोज फोन. "मामाला आण गं लौकर. अजून नाव घेती हाय त्यांचं." मग आत्या फोन ओढून घ्यायची. "माझ्या भावाचा पाय मोडलाय. त्याला उचलून आणा." आबा ऐकायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. एक एक दिवस हातातून चालला होता आणि मला रात्री धड झोप येत नव्हती.

म्हणून मी ठरवलं, आबा गाडीपर्यंत पोचत नसतील तर गाडीच आबांपर्यंत खाली आणायची. आमच्या व्हॅनला मागच्या बाजूला पाटे आहेत. पोलादी लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्यावर गाडी तोलून धरलेली असते. मी बारामतीला शाळेत शिकवते. सकाळी जाताना गाडी इंदापूर रोडवरच्या गॅरेजात लावली, मिस्त्रीला म्हटलं, "मागचे पाटे नीट बसवा. दोन इंच तरी फरक पडला पाहिजे," आणि समोर आलेली एसटी धरली.

संध्याकाळी येऊन बघते तर काय! गाडी मागून उंच. शेपूट वर करून उधळायच्या बेतातल्या कालवडीसारखी उभी.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तुमीच म्हणाला ताई, पाटे बसवा. दोन्ही अंगाला एक एक जादा बसवला. काय माल भरायचा त्यो भरा आता."

"गाडी बसवा म्हणाले मी! खाली बसवा!"

"गाडी बसू नये म्हणून तर लोक माझ्याकडं येत्यात."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्यावर ओरडले खरी, पण चूक निम्मी माझी होती. आमच्या भागात पाटा बसवायचा म्हणजे वाढवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आबांना कळलं तेव्हा ते तीन महिन्यांत पहिल्यांदा खो खो हसले. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेलं. "ट्रॉलीचं पाटं किती दबलं ते बघून मी टन सांगायचो. आन माझी लेक मास्तरीण, हिला पाटा बसवणं म्हंजी काय ते कळंना!" हसा म्हटलं, हसा. एक दिवस गेला त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गॅरेजात बाकड्यावर ठाण मांडून बसले. काल घातलेले पाटे मिस्त्रीनं उतरवले. मग म्हणाला, "आता मूळचा एक एक काढतो. तेवढं बास."

"दोन दोन काढा."

"ताई, गाडी घासंल. वजन पडलं की पार टेकंल."

"मी सांगते ना? दोन काढा!"

त्यानं माझ्याकडं बघितलं, हात टेकले आणि दोन दोन काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आबांनी दाराचा दांडा धरला, पाय उचलला, टाकला आणि आत गेले. एकटे. मला रडूच आलं. म्हटलं, जिंकले बाई. गाव सुटलं आणि पहिला स्पीडब्रेकर आला. खर्रर्र! आबांचं वजन नव्वदच्या घरात, मागं गॅसची टाकी. दुसऱ्या स्पीडब्रेकरला तर खालून असा दणका बसला, की माझी मान हिसडली.

"थांब," आबा म्हणाले. "पाट्यावर जादा झालंय. मी उतरतो."

उतरले, स्पीडब्रेकर ओलांडून पुढं चालत गेले, मी रिकामी गाडी हळूच काढली, ते पुन्हा चढले. आता आतल्या रस्त्याला स्पीडब्रेकर किती असावेत? शाळा आली की एक, वस्ती आली की दोन, आणि कुणाच्या तरी दारात उगाच एक. मागून उसाच्या ट्रॉल्या हॉर्न मारून जीव खातायत, माझं निम्मं लक्ष घड्याळात. साडेदहा झाले. अकराला पाच कमी.

"आबा, बसून रहा हो! घासली तर घासू दे!"

"आन मोडली म्हंजी? मग मला उचलून नेशील?"

खरं सांगायचं तर दर खेपेला ते जास्त सरावानं चढत होते. शेवटी शेवटी काठी सीटवर ठेवूनच उतरायला लागले, चेहऱ्यावर काट्यावरच्या दिवसांतला रुबाब. आणि मी आतल्या आत जळत होते, मिस्त्रीवर, स्वतःवर, स्पीडब्रेकर घालणाऱ्या समस्त माणसांवर.

पळसदेवला पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. आत्या अंगणात खाटेवर उन्हाला बसली होती. आबा गाडीतून उतरले आणि काठी न घेता ताठ चालत तिच्यासमोर गेले.

"अक्का, आलो गं."

आत्यानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुठलं पाव्हणं?"

"मी गं. तुझा भाऊ."

"न्हाय," आत्या म्हणाली. "माझ्या भावाचा पाय मोडलाय. त्यो असा चालत कुठनं यील?"

आतेभावानं समजावलं, मी समजावलं. ती चिडली. आमच्याकडं पाठ करायला लागली. "त्याला उचलून आणायचंय. कुणी ऐकतच न्हाय माझं." मला वाटलं, आता इथंच डोकं आपटून घ्यावं.

आबा वळले, फाटकापर्यंत चालत गेले, तिथल्या कट्ट्यावर बसले. मग मला आणि आतेभावाला हात केला.

"उचला मला."

मी जागची हलले नाही. मला खरंच वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बघती काय? उचल."

आम्ही दोघांनी त्यांना हातांच्या पाळण्यात घेतलं. त्यांनी आमच्या गळ्यात हात टाकले, डोळे मिटून घेतले. पंधरा पावलं असतील, माझी कंबर मोडायची बाकी राहिली. आत्यानं आम्हाला येताना बघितलं आणि सरकून खाटेवर जागा केली. आम्ही आबांना तिच्याशेजारी ठेवलं. तिनं त्यांच्या खुब्यावर हात ठेवला.

"आलास व्हय? लई दुखतंय का रं?"

तीन महिने आम्ही रोज हेच विचारत होतो आणि आबा रोज "काय न्हाय" म्हणत होते.

"व्हय अक्का," आबा म्हणाले, "लई दुखतंय."