चिंच आणि सुभेदारांची सरळ लाईन

चिंचेखाली मुली सकाळी झाडून काढतात आणि दुपारपर्यंत पाला पुन्हा सांडलेला असतो. आमच्या शाळेच्या बांधकामाच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगून संपवावी, तोवर दुसरी पडलेली असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात मुलींची शाळा याच चिंचेखाली भरायची. मी सांगलीहून बी.ए. होऊन आले ती थेट तिच्या सावलीत शिकवायला. मग इमारत ठरली. जागा दिली माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी. कमिटीचे अध्यक्ष सुभेदार. ते लढाईत एक पाय गमावून, लाकडाचा बसवून नुकतेच परतले होते. नव्या खोल्यांची भिंत चिंचेपासून जेमतेम चार हातांवर येत होती आणि दोघांचंही मत एकच होतं, झाड पाडायचं. सुभेदारांना भिंतीची लाईन पलटणीसारखी सरळ हवी होती.

*

पहिल्या बैठकीत सुभेदारांनी नकाशा पसरला. "ह्यात झाड कुटं हाय?"

ओव्हरसियर जागेवर न येताच नकाशा काढून मोकळा झाला होता. झाड नव्हतंच.

"नकाशात न्हाई, म्हंजे जागेवर ऱ्हायचं कारन न्हाई."

"सुभेदार, नकाशात तुम्हीही नाही," मी म्हटलं.

तात्यांना चहाचा ठसका लागला. "कुसुम, तुला शिकवली हीच चूक झाली. तेवढ्या जळनात माझं एक गुऱ्हाळ निघंल."

शेवटी ठरलं, पाया खणताना झाड आडवं आलं, तर पाडायचं.

*

वडीलधाऱ्यांना पटवण्यापेक्षा फसवणं सोपं, असं मला वाटलं. अंधश्रद्धेवर भाषणं देणाऱ्या मी एका पहाटे बुंध्याशी दगड ठेवला आणि त्याला शेंदूर फासला.

आठवड्यात नारळ, तेल, उदबत्त्या सुरू. ढोलीत कुणी दिवा ठेवला, त्यानं साल काळी पडली. तात्या हात जोडून म्हणाले, "जागृत ठिकान हाय. झाड काढून हितं देऊळ बांधू."

दुसऱ्या पहाटे दगड मीच ओढ्यात टाकला.

तात्या हळहळले. "देव गेला. पोरींच्या पाढ्यांना कटाळला आसंल."

*

गवंडी भिकोबा म्हसवडकडचे, वयस्कर. चुन्याच्या गाड्या आल्या, तेव्हा मीच सांगितलं, सावलीत उतरवा, चुना तिथंच भिजवा. भिकोबा आडवे आले. "पल्याड उनात न्या."

मी तडकले. "म्हातारबुवा, माणसांना ऊन लागतं, ते दिसत नाही?"

"बाई, मानूस उठून सावलीला जातंय. चुन्याचं पानी मुळाला लागलं, तर झाड कुटं जानार? उभं वाळतंय." मग म्हणाले, "आमच्या मानदेशात एका कडुलिंबाखाली समद्या गावाची लगीनं लागत्यात. तुमच्याकडं झाडं लय, म्हनून ठावं न्हाई."

झाड वाचवायला निघालेली मीच ते मारायला निघाले होते. वडीलधाऱ्यांची माफी मागायची मला सवय नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मागितली, आणि भिकोबांचे ते उपकार अजून विसरले नाही.

*

पाया खणताना मांडीएवढं जाड मूळ लागलं. काम थांबलं. सुभेदार काठी टेकत आले, तात्याही आले.

"आडवं आलंय. तोडा," सुभेदार म्हणाले.

भिकोबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "आवं सुभेदार, पाय तोडल्यावर कोन उभं ऱ्हातंय व्हय?"

तात्या आकाशाकडे बघू लागले.

"ऱ्हातंय की," सुभेदार म्हणाले. "तुज्याम्होरं उभा हाय न्हवं?"

*

तरी कुऱ्हाड कुणी उचलली नाही. चार दिवस खड्डा तसाच होता. सुभेदार रोज येऊन काठावर बसायचे, मुळाकडे बघायचे आणि घरी जायचे. पाचव्या दिवशी भिकोबांना म्हणाले, "मुळावरनं कमान घेतलीस, तर माजी लाईन वाकडी व्हईल?"

"सुतभर न्हाई."

"मग घे."

तात्या घराकडे वळले. मला सुभेदारांचे आभार मानायचे होते. ते म्हणाले, "वर्गावर जा, पोरी दंगा करत्यात."

उद्घाटनाला साताऱ्याहून शिक्षणखात्याचे साहेब आले. भिंत ओळंब्यात, लाईन सरळ, साहेब खूश. मग त्यांना भिंतीच्या पायात उघडी ठेवलेली कमान दिसली आणि तिच्याखालून गेलेलं मूळ.

"एवढा खटाटोप कशाला? तोडून टाकायचं."

मी उसळून बोलणार, तोच सुभेदारांनी काठीनं आपल्या लाकडी पायावर दोनदा टकटक केलं.

"सायेब, आमाला सरकारनं ह्यो दिला. ह्या चिंचेला कोन देनार?"