ग्लोव्हची कड

खेळाच्या बाईंचं चालणं असं होतं की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. त्या शाळेच्या जिन्यावरून उतरायला लागल्या की नुसत्या पावलांच्या आवाजावर वर्गातल्या मुली ताठ बसायच्या. गळ्यात शिट्टी, खांद्यावर चेंडूंची जाळीची पिशवी आणि तोंडी कुणाचा ना कुणाचा उद्धार. नवऱ्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणायचा, "आमच्या घरात थंड काही हवं असेल तर दुकानात यावं लागतं." बाई यावर हसायच्या आणि पुन्हा कुणाला तरी फैलावर घ्यायला बाहेर पडायच्या.

मुलींची बेसबॉलची टीम ही त्यांची एकटीची करणी. मैदान म्हणावं अशी जागा शाळेकडे नव्हतीच; मागच्या बाजूला एका अंगाला उतरती जमीन होती आणि जोरात मारलेला चेंडू थेट सायकल स्टँडमध्ये जाऊन कुणाची तरी घंटी वाजवायचा. तिथेच बाईंनी मुली घडवल्या. टीमची पिचर, म्हणजे बॅटवालीकडे चेंडू फेकणारी, ही त्यांचीच भाची होती. बाईंची थोरली बहीण बाईंच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. पोरगी लहान असताना बाईंनी तिला दोन इमारतींमधल्या बोळात समोर उभं केलं होतं. "मी करते तसं कर," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. पोरीनं तो इतका मन लावून गिरवला की लांबून बघणाऱ्याला कोण मावशी आणि कोण भाची कळू नये. घरात ती "मावशी" म्हणायची आणि मैदानात "बाई". ही अदलाबदल ती जिन्यातच करायची आणि कधी चुकायची नाही.

पण या वर्षी पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. इतर शाळांपुढे ती बरी टाकायची. एका शाळेपुढे मात्र तिची दर वेळी धूळधाण उडायची. त्या शाळेच्या मुली तिचा वळणारा चेंडू असा मारायच्या, जणू तिनं आधी फोन करून कळवलं होतं. वळणारा चेंडू हेच तिचं हत्यार. सरळ येतोय असं वाटावं आणि बॅटजवळ येऊन त्यानं खाली गोता मारावा. तोच चालेना म्हटल्यावर पोरीचा धीर सुटला आणि मग ती सगळ्यांपुढेच वाईट टाकायला लागली. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली की भाची म्हणून चेंडू हातात आहे, दुसरी कुणी असती तर केव्हाच बसवली असती. बाईंच्या कानावर ते आलं. शेवटी बेसबॉल शिकवणाऱ्यांच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पोरीला बाजूला घेतलं.

"तुझा हात संपलाय," त्या म्हणाल्या. "हात ज्याचा त्याचा ठरलेला असतो. संपला की संपला. सोमवारपासून तू मागे, उजव्या कोपऱ्यात उभी राहा."

हे वाक्य बाईंचं स्वतःचं नव्हतं. त्या स्वतः शाळेत पिचर होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांना हेच ऐकवलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी खेळ म्हणून चेंडू टाकला नव्हता. शिकवायला टाकायच्या तेवढाच. भाचीनं चेंडू बाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, मग मी टीममध्ये नसले तरी चालेल ना?" बाई चेंडू पिशवीत टाकून निघाल्या. त्या रात्री बहिणीनं जिन्यात गाठून विचारलं, "काय बोललीस तिला? जेवली नाही ती." बाई म्हणाल्या, "मैदानातलं घरात आणू नकोस." आणि दार लावून घेतलं.

मेळावा एका तंत्रशाळेच्या व्यायामशाळेत भरायचा. गावोगावचे बेसबॉल शिकवणारे तिथं जमायचे आणि जुने जाणते बाकीच्यांना आपल्या युक्त्या दाखवायचे. पद्धत मजेशीर होती. शिकवणाऱ्यानं भाषण करायचं नाही, करून दाखवायचं. आणि शिकणाऱ्यांनी खुर्चीवर बसायचं नाही. पोरं होऊन खेळायचं. त्यामुळे पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टे बांधलेले एकेक थोर लोक रबरी चटयांवर घसरत होते, एकमेकांना "माझा, माझा!" म्हणत धडकत होते आणि आपल्याच मुलींना ज्यासाठी बोलतो त्याच चुका मन लावून करत होते. बाई एका कोपऱ्यात घुम्यासारख्या उभ्या होत्या. त्या आल्या होत्या नवी पिचर कशी तयार करायची हे विचारायला.

दुपारचा तास 'दुर्बीण' सरांचा होता. हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वाकलेले, किडकिडीत, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. भाचीची धूळधाण उडवणारी शाळा ती यांचीच. सामन्यात ते तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्यांच्या तिसऱ्या टप्प्याशी, उभे राहून आपल्या मुलींना अधूनमधून "आरामात, आरामात!" म्हणत असत, बाकी तोंडातून अक्षर नाही. बाईंना वाटायचं, म्हातारा पोरींना धीर देतोय. बाईंनी स्वतः मुलींना तसा गोड धीर कधी दिला नव्हता, म्हणून त्यांना थोडी लाजही वाटायची.

"पिचर वाचायचा कसा, ते बघू," सर म्हणाले. "कुणी टाकलंय का पूर्वी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुलांच्या शाळेतल्या एका आगाऊ मास्तरांनी बाईंना पाठीमागून ढकललं. "या टाकायच्या. मला माहितीये."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागीच वाळला असता. पण आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. त्यांनी ग्लोव्ह चढवला, चेंडू ग्लोव्हमध्ये लपवला आणि चेंडू झेलायला समोर बसलेल्या धिप्पाड कॅचरकडे पहिला चेंडू सोडला.

"सरळ," दुर्बीण सर चेंडू सुटण्याआधीच म्हणाले. चेंडू सरळ गेला.

दुसरा. "आरामात," सर म्हणाले. चेंडू वळला.

तिसऱ्याला "सरळ", चौथ्याला पुन्हा "आरामात". बाईंच्या हातून चेंडू सुटायच्या आधी शब्द यायचा आणि दर वेळी बरोबर यायचा. बाईंनी चेहरा दगडासारखा केला. वळणारा टाकायचा असताना सरळ टाकताना बघतात तसं बघितलं. श्वास रोखून टाकला, पटकन टाकला, मुद्दाम वेळ लावून टाकला. म्हाताऱ्याचं एकदाही चुकेना. व्यायामशाळेतली कुजबुज थांबली. कॅचर मास्तर मास्क वर करून सरांकडे आ वासून बघत राहिले. असं काही आपण जन्मात पाहिलेलं नाही हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि सगळ्यांत जास्त बाईंना कळत होतं, कारण त्यांच्या मनात काय चाललंय ते एक परका माणूस त्यांच्याआधी मोठ्यानं सांगत होता.

"आता तुम्ही ओळखा," सर बाकीच्यांना म्हणाले.

झाला गोंधळ सुरू. कुणी "सरळ" म्हणे, कुणी "आरामात", आणि बरोबर आलं तर स्वतःच दचके. सर वैतागले. "चेंडूकडे बघताय! सगळं आयुष्य पोरींना चेंडूवर नजर ठेव म्हणून सांगितलंत, आता तुमचीच तिथून हलेना. चेंडू विसरा. हात विसरा. तोंडाकडे तर बघूच नका. ग्लोव्हची खालची कड बघा. करंगळीकडची."

बाईंनी पुन्हा चेंडू लपवला. वळणाऱ्यासाठी बोटं शिवणीवर फिरवताना आतला पंजा जरासा रुंद झाला, आणि त्याच्याबरोबर ग्लोव्हची कड बोटभर बाहेर उमलली.

"आरामात!" अख्खी व्यायामशाळा एका सुरात ओरडली.

आणि मग सगळे लहान मुलांसारखे हसायला, टाळ्या पिटायला लागले. एक जण तर "दिसलं, मला दिसलं!" म्हणत उड्या मारत होता. बाई मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांच्या कानात तो शब्द जुन्या आवाजात वाजत होता. त्या शाळेत असतानाही हा माणूस तिसऱ्या बेसजवळ उभा असायचा, तेव्हा केस काळे होते, आणि असाच म्हणायचा, "आरामात, आरामात!" तो धीर नव्हता, वळणाऱ्या चेंडूची खूण होती.

"सर," त्या म्हणाल्या. "हे तुम्हाला आज दिसलं?"

दुर्बीण सर जवळ आले. जाड काचांमधून बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "चेहऱ्यावरून ओळखलं नव्हतं," ते म्हणाले. "पहिलाच चेंडू लपवलास तेव्हा ओळखलं. तू ती नदीकाठच्या शाळेतली ना? लाल मोजेवाली? तुझ्या पोरीचा ग्लोव्ह यंदा बघत होतो, तेव्हापासून डोक्यात घोळत होतं, हे मी कुठं बघितलंय. तिला तूच शिकवलंस तर."

"भाची आहे माझी."

तेवढ्यात सरांचाच सहायक पुढे आला. तरुण, नुकता लागलेला, जिंकायची घाई असलेला. "सर, अहो काय करताय? पुढच्या महिन्यात फायनलला यांच्याशीच पडेल गाठ! सगळं सांगून टाकलंत?"

"अजून कुठं सगळं सांगितलं?" सर म्हणाले आणि बाईंच्या हातातला चेंडू घेऊन त्यावर बाईंची बोटं स्वतः बसवली. "हे बघ. दर वेळी आधी वळणाऱ्याचीच पकड घ्यायची. सरळ टाकायचा असला तरी. मग आतल्या आत बोटं सोडायची. कड दर वेळी उमलेल, मग बघणारा काय वाचणार? पोरीला आठवडाभर हेच करायला लाव." मग सहायकाकडे वळून म्हणाले, "आणि तू रे, फायनलला मारायला शिकव पोरींना. वाचून किती दिवस जिंकणार?"

बाईंचा आता मात्र भडका उडाला. यात काही लबाडी नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. डोळे उघडे ठेवणं हा खेळच आहे. तरी त्या बोलल्याच. "मग तेव्हा का नाही सांगितलंत? माझा हात संपला म्हणून आमच्या सरांनी मला बसवलं! मी सोडलं सगळं!"

दुर्बीण सरांच्या हातातला चेंडू तसाच राहिला.

"तेव्हा मला जिंकायचं होतं," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी तू दिसली नाहीस. मला वाटलं, घरच्यांनी शाळा बदलली असेल. सोडलंस हे आज कळतंय मला." चेंडू बाईंच्या हातात ठेवत ते म्हणाले, "या पोरीचंही मी दोन सामने वाचलं. तिसऱ्याला ती टाकताना रडत होती. मग मला वाचवेना."

बाई बसनं घरी आल्या. वाटेभर मांडीवर ग्लोव्ह होता आणि त्यात हात घालून त्या पकड बदलत होत्या, बोटं सोडत होत्या. शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला. बाईंना त्याचं भान नव्हतं. केवढं बारीक ते! बोटभर चामडं. ते त्यांच्या हातातून बोळातल्या त्या लहान पोरीच्या हातात गेलं, कुणी दिलं नाही, कुणी घेतलं नाही, आणि एका माणसानं ते मधली सगळी वर्षं ओलांडून ओळखलं. बाईंना आयुष्यात इतकं थक्क व्हायला कधी झालं नव्हतं. देवळात जाऊनही नाही.

त्या आपल्या मजल्यावर न जाता थेट बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरल्या. बहीण ओट्याशी भांडी घासत होती, आणि ज्या आवाजात घासत होती त्यावरून राग गेला नव्हता. भाची टेबलाशी वही उघडून बसली होती.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "ग्लोव्ह आण. तुझा हात संपलेला नाही. मी चुकले."

हा शेवटचा शब्द त्या घरात कुणी बाईंच्या तोंडून ऐकला नव्हता. भांड्यांचा आवाज थांबला. बाईंनी सगळं सांगितलं. कड दाखवली, पकड दाखवली, म्हातारबांनी काय केलं ते सांगितलं. पोरगी ग्लोव्ह घालून खिडकीच्या काचेत स्वतःला बघत राहिली. सरळ. वळणारा. सरळ. वळणारा. तिला ते दिसलं तेव्हा ती काचेच्या आणखी जवळ सरकली.

"म्हणजे हात चांगला आहे माझा?"

"चांगला? अगं, त्यांना सगळं आधी कळायचं तरी निम्मे चेंडू हुकायचे त्यांचे."

पोरगी हसली, नाक पुसलं, आणि मग एकदम थांबली. "मग मावशी, तुझाही चांगलाच होता ना? तेव्हा?"

सरांवर चिडल्या होत्या तेवढंच; नंतर वाटभर बाईंनी भाचीचाच विचार केला होता. स्वतःच्या हाताचा हा हिशोब त्यांनी अजून मांडलाच नव्हता.

बहीण ओट्यापासून वळली. हात साबणाचे होते. "होता," ती म्हणाली. "मी बघायला यायचे ना प्रत्येक सामना. तेव्हाच सांगत होते तुला, हात चांगला आहे, सोडू नकोस. तू ऐकलंस तुझ्या सरांचं."

खेळाच्या बाईंना शाळेत आजवर कुणी रडताना पाहिलेलं नव्हतं. त्या बहिणीच्या स्टुलावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या मोठ्यानं रडल्या.