पोकळ उतार

वरळीच्या बीडीडी चाळीतले कोंडीराम कांबळे फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचं काम करत. छप्पन सालच्या हिवाळ्यात त्यांची तुकडी लडाखला गेली. तिथले डोंगर म्हणजे वाळवंटच. झाड नाही, पाऊस नाही, बर्फही बेताचाच. बर्फ थोडा म्हणजे धोकाही थोडा, असं कोंडीरामांना वाटलं.

नोर्बू नावाच्या म्हाताऱ्या लडाखी हमालाने त्यांना उलटंच शिकवलं. त्याने एका उतारावर खड्डा खणून दाखवला. वर वाऱ्याने दाबून बसवलेला टणक थर होता आणि तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. मुठीत धरले तर बोटांतून ओघळत. बर्फ कमी आणि थंडी कडाक्याची असली की तळाचा बर्फ असा मोकळा होतो, वरच्याला धरत नाही, हे त्याने मोडक्या हिंदीत समजावलं. पाय टाकताच आतून ‘धप्प’ आवाज आला, तर मुकाट्याने मागे फिरायचं.

फेब्रुवारीत कोंडीरामांनी तो आवाज ऐकला. नोर्बू त्या दिवशी सोबत नव्हता. पुढे त्यांचा जोडीदार गणपत तारेचं रीळ पाठीवर घेऊन चालला होता. त्याला हाक मारावी असं मनात आलं, पण मागे हवालदार शिंदे होते. ते भित्रा म्हणतील म्हणून कोंडीराम गप्प राहिले. गणपत दहा पावलं गेला असेल. अख्खा उतार काचेसारखा तडकला आणि त्याला घेऊन खाली गेला. कोंडीराम कमरेपर्यंत गाडले गेले, पण वाचले. गणपत तिसऱ्या दिवशी सापडला.

ऑक्टोबरात ते रजेवर आले. चाळीत संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची धामधूम होती. आईने जुने देव काढून भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. कोंडीरामांचं कशातच लक्ष नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणी पाटा आपटला तरी ते दाराची चौकट घट्ट धरत. बायकोने, कौसल्येने, एका दुपारी खोदून विचारलं, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. आवाज आपण ऐकला होता, हे सांगितलं.

तिने हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, “परत ऐकलात, तर बोलाल ना?”

दुसऱ्या दिवशी ते नायगावला गणपतच्या आईकडे गेले आणि तिलाही सगळं सांगून आले. तिने चहा केला.

जानेवारीत ते लडाखला परतले होते, तेव्हा पलीकडच्या चौकीची तार तुटली. सात जण निघाले. वाट गणपत गाडला गेला त्याच उतारावरून होती. उताराच्या कडेला पाय ठेवला आणि आतून धप्प झालं. कोंडीराम बर्फात बसले.

“हवालदारसाहेब, मी पुढे जाणार नाही. यांनाही जाऊ देणार नाही.”

शिंद्यांनी कोर्ट मार्शलची धमकी दिली. कोंडीराम खड्डा खणू लागले. तळाचे दाणे भराभर ओघळले. शिंद्यांनी वाकून पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन ते खडकाच्या धारेकडे वळले.

त्या वाटेने नऊ तास लागले. त्यात कोंडीरामांच्या पायाची दोन बोटं गेली. बर्फाने काळी पडली, ती कापावी लागली.

आणि उतार? तो कोसळलाच नाही. सगळा हिवाळा तसाच उभा राहिला. तुकडीतली पोरं त्यांना धप्पराम म्हणू लागली. रोज सकाळी ते त्या उताराकडे पाहत. एकदा तरी पडावा असं वाटे, आणि लगेच त्या विचाराचीच भीती वाटे.

एकोणसाठ साली फौजेतून सुटून ते परळच्या एका शाळेत शिपाई झाले, थोडे लंगडत. पुढच्या वर्षी निवृत्त झालेले शिंदे पत्ता शोधत चाळीत आले. जिना चढून दम लागला होता. खाटेवर टेकले आणि पाणी प्यायले.

“तो आवाज मलाही ऐकू आला होता, कांबळे,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा.”

कोंडीरामांनी उठून दार लोटून घेतलं आणि ते शिंद्यांजवळ येऊन बसले.